कॅन्ससच्या गवतात हरवलेले अकरा चेंडू

बोगीबहाद्दर

गेले तीन आठवडे टंकायचा कंटाळा आडवा येत होता. आज पाऊस लागलाय, बायको मुलांना घेऊन मैत्रिणीकडे गेलीय, म्हणून लिहून टाकतो.

मी कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहतो. गोल्फ खेळायला लागून चार वर्षं झाली, हँडिकॅप बावीस. हँडिकॅप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पट्टीचा खेळाडू ७२ फटक्यांत घरी जातो तिथे मला चांगल्या दिवशी ९४ लागतात. असे चांगले दिवस वर्षातून दोन येतात आणि त्यांतला एक मोजणीतल्या चुकीमुळे येतो.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं मेयेटाला गेलो. मी, ऑफिसातला एक तेलुगू मित्र, तिथलाच एक शेतकऱ्याचा पोरगा आणि आमचे निवृत्त शेजारी. त्यांना मी इथे काका म्हणतो. मेयेटा टोपेकाच्या उत्तरेला, यूएस-७५ हायवेवर, आमच्याकडून गाडीने साधारण दीड तास. तिथे प्रेअरी बँड पोटावाटोमी नेशन या मूलनिवासी जमातीची राखीव भूमी आहे. त्यांचा कसिनो १९९८ साली सुरू झाला आणि त्याला लागूनच २०११ साली 'फायरकीपर' हा अठरा होलांचा कोर्स उघडला. पार (म्हणजे ठरलेले फटके) ७२, सगळ्यात मागच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) लांबी साडेसात हजार यार्डांच्या आसपास. आखणी जेफ्री ब्राउअर आणि नोटा बेगे (तिसरा) यांची. कॅन्ससमधल्या सर्वांना खुल्या कोर्सांमध्ये याचं नाव नेहमी वरच्या दोन-चारांत घेतात.

पहिल्या टीवर उभं राहिलं की आधी डोळे निवतात. एकही घर नाही. आमच्या उपनगरातल्या कोर्सांवर फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना लोकांच्या खिडक्या असतात आणि माझा स्लाइस, म्हणजे उजवीकडे पळणारा फटका, बघता मी तिथे विमा काढूनच खेळायला हवं. इथे नुसत्या टेकड्यांच्या लाटा, मधून हिरवा पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना गवत. हे गवत आपल्या पडीक रानातल्या कुसळीसारखं नाही. बिग ब्लूस्टेम ऑक्टोबरात माणसाच्या डोक्याला लागतं आणि तांब्याच्या जुन्या हंड्यासारखं लालसर होतं. वारा आला की सगळी टेकडी एका दिशेला वाहायला लागते. मी दोन मिनिटं बघतच राहिलो. काका म्हणाले, "बघून घे. आता दिवसभर त्यातच राहायचंय तुला."

खरं ठरलं.

सुरुवातीच्याच एका होलवर ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) असा लागला की माझा मलाच अभिमान वाटला. चेंडू मध्यावरून निघाला, वर चढला, आणि वाऱ्याने त्याला उजवीकडे असा नेला जसा लग्नातला पाहुणा जेवणाच्या पंगतीकडे नेतात. फेअरवे संपला, आखूड रफ संपलं, चेंडू गवतात गेला आणि गवत मिटलं. आवाजसुद्धा आला नाही.

नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटं मिळतात (२०१९ पर्यंत पाच होती). तीन मिनिटांत मला दुसऱ्याच कुणाचे तरी दोन चेंडू सापडले, माझा नाही. म्हणजे एक दंडाचा फटका, आणि परत टीवर जाऊन तिथूनच मारायचं. हे असं चारदा झाल्यावर आम्ही ठरवून टाकलं की घरगुती खेळ आहे, दोन फटके दंड घ्यायचा आणि फेअरवेच्या कडेला चेंडू टाकून पुढे व्हायचं. आजकाल नियमांच्या पुस्तकातही क्लबांना असा स्थानिक नियम लावायची मुभा आहे, त्यामुळे मन खात नाही.

वाऱ्याचं गणित मला त्या दिवशी काकांनी शिकवलं. समोरून वारा असेल तर त्याच्या वेगाच्या दर मैलामागे अंतर एक टक्का वाढलं असं धरायचं. वीस मैलांचा वारा तोंडावर असला तर १५० यार्डांचा फटका १८० चा होतो. पाठीवरून असला तर फायदा मात्र अर्धाच, म्हणजे तेच १५० फार तर १३५ होतात. वाऱ्याचा व्यवहार सावकारी आहे, घेताना पुरतं घेतो आणि देताना हात आखडतो.

माझी पहिली प्रतिक्रिया काय? जोरात मारायचं. जोरात मारलं की चेंडूला उलटी फिरकी जास्त लागते, फिरकीने तो आणखी उंच चढतो, आणि वर तर वारा तयारच बसलेला. एक चेंडू असा उभा चढला की उतरताना मला वाटलं आमच्याच डोक्यात पडणार. काका सत्तरीचे, गुडघा बदललेला, ते क्लब, म्हणजे काठी, दोन नंबर मोठा घ्यायचे, मूठ दोन इंच खाली धरायचे, चेंडू मागच्या पायाकडे ठेवायचे आणि अर्धाच झोका द्यायचे. चेंडू कमरेएवढ्या उंचीने सरपटत गेल्यासारखा जायचा. दिसायला काही नाही, पण फेअरवेवर. ते ८४ फटक्यांत परत आले. मी ११३. शेतकऱ्याचा पोरगा ९१. तेलुगू मित्राने तेराव्या होलनंतर लिहिणंच सोडलं आणि फोटो काढायला लागला. त्याचाच दिवस सगळ्यात छान गेला असं माझं मत.

ग्रीनविषयी (भोकाभोवतीच्या हिरवळीविषयी) एवढंच सांगतो की मोठी आहेत आणि त्यांच्यावर चेंडू पोचला म्हणजे पोचलो असं नाही. मी सहा वेळा तीन-तीन पट (ग्रीनवरचे हलके फटके) मारले.

संध्याकाळी कसिनोत जेवलो. चाळीस डॉलर घेऊन यंत्रासमोर बसलो, अकरा मिनिटांत उठलो. गोल्फमध्ये निदान पैसे जायला साडेचार तास लागतात.

घरी येताना काकांनी गाडीत विचारलं, "फायरकीपर का म्हणतात माहितीये?" मला वाटलं होतं काहीतरी मार्केटिंगचं असेल. तसं नाही. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी ही तीन भावंडं, महासरोवरांच्या काठची. त्यांच्या संघाला 'तीन अग्नींची सभा' म्हणतात आणि त्यात पोटावाटोमींकडे काम होतं आग राखण्याचं. सरोवराकाठची, जंगलातली माणसं कॅन्ससच्या उघड्या माळावर कशी आली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. थोडं वाचलंय, पण इथे जाणकार आहेत, त्यांनी भर घालावी. आणि कुणी तिथे खेळून आलं असेल तर तुमचे किती चेंडू गेले तेही सांगा. माझे अकरा.

---

पेंगुळलेला

हसून हसून पुरेवाट! पंगतीचा पाहुणा!!
मी गोल्फ फक्त टीव्हीवर झोप येण्यासाठी लावतो, तरी शेवटपर्यंत वाचलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

दुपारचा_चहा

मस्त लिहिलंय. माझे सात गेले, २०१९ च्या जूनमध्ये. पण जूनमध्ये गवत कमरेपर्यंतच असतं, त्यामुळे आपली तुलना होऊ शकत नाही.

नोटा बेगेबद्दल तुम्ही एका ओळीत आटोपलंत, ते बरोबर नाही. हा माणूस धाग्याचा नायक व्हायला हवा होता. आल्बुकर्कीचा, नवाहो आणि प्युब्लो या मूलनिवासी जमातींच्या रक्ताचा. स्टॅनफर्डच्या १९९४ च्या विजेत्या संघात होता, त्याच वर्षी टायगर वुड्स तिथे आला आणि दोघं एका संघात खेळले. १९९८ मध्ये पीजीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या) खालच्या पातळीवरच्या टूरवर त्याने एका फेरीत ५९ फटके मारले. १९९९ आणि २००० मध्ये मिळून पीजीए टूरच्या चार स्पर्धा जिंकला. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे तो दोन्ही हातांनी पट करायचा. चेंडू उजवीकडून डावीकडे वळणार असेल तर एका बाजूने उभा राहायचा, डावीकडून उजवीकडे असेल तर दुसऱ्या. पुढे पाठीने दगा दिला. २००५ पासून त्याची संस्था मूलनिवासी मुलांमधल्या लठ्ठपणा आणि मधुमेहावर काम करते.

अशा माणसाने ग्रीनच्या आखणीत हात घातला असेल तर तुमचे सहा थ्री-पट मला नवल वाटत नाहीत.

---

बोगीबहाद्दर

@दुपारचा_चहा, दंडवत. दोन्ही हातांनी पट करायचं हे माहीत नव्हतं. मला एका हाताने जमत नाही तेच दोन हातांनी न जमवायचा प्रयत्न करून बघतो.

---

तर्कट

लेख खुसखुशीत, पण एक प्रश्न विचारतो, हलके घ्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच जमिनीवर आता जुगाराचा अड्डा, आणि जुगाराच्या पैशावर श्रीमंतांचा खेळ. यात कौतुक करण्यासारखं नेमकं काय आहे? आपल्याकडे कुणी मेळघाटात कसिनो काढला तर याच धाग्यावर लोक तुटून पडतील.

---

मांडवीतीर

पणजीला राहतो, रोज संध्याकाळी मांडवीतल्या कसिनोच्या बोटींचे दिवे बघतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे. तर्कटरावांच्या रागाशी मी अर्धा सहमत. पण आमच्याकडच्या बोटी खाजगी कंपन्यांच्या. सरकारला शुल्क मिळतं, नफा मालकाचा, आणि नदीकाठच्या माणसाच्या वाट्याला ट्रॅफिक. तिकडचा मालक कोण आहे हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कुणी सांगेल काय?

---

कलम_आणि_कायदा

सांगतो. न्यू जर्सीत वकिली करतो, हे माझं रोजचं क्षेत्र नाही, पण शिकताना वाचलं होतं.

अमेरिकेत केंद्राने मान्य केलेल्या जमाती कायद्याने स्वतंत्र शासन असलेली 'नेशन्स' आहेत. त्यांची स्वतःची न्यायालयं, स्वतःचे पोलीस, स्वतःची निवडणूक. राज्याचे बरेचसे कायदे राखीव भूमीवर आपोआप लागू होत नाहीत. १९८७ मध्ये कॅबझॉन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्य स्वतः जुगाराला परवानगी देत असेल तर राखीव भूमीवरच्या जुगाराचं नियमन ते करू शकत नाही. राज्यं घाबरली, आणि १९८८ मध्ये संसदेने कायदा करून मधला रस्ता काढला. मोठे कसिनो चालवायचे तर जमातीने राज्याशी करार करायचा. कॅन्ससमध्ये असे चार जमातींचे कसिनो आहेत.

आता मांडवीतीर यांच्या प्रश्नाचं उत्तर. त्या कायद्याप्रमाणे कसिनोची मालकी जमातीच्या शासनाचीच लागते, आणि निव्वळ उत्पन्न पाचच कामांसाठी वापरता येतं: जमातीचं शासन चालवणं, लोकांचं कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय, आणि शेजारच्या स्थानिक संस्थांना मदत. माणशी वाटप करायचं तर केंद्राच्या गृहखात्याकडून (म्हणजे आपल्याकडचं गृहखातं नव्हे, जमीन-जंगलवालं इंटीरियर) मंजूर योजना लागते. प्रेअरी बँडचा कसिनो सुरुवातीला हॅराज या कंपनीच्या नावाने आणि व्यवस्थापनाने चालायचा, २००७ पासून जमात स्वतः चालवते. म्हणजे तुम्ही हरलेले चाळीस डॉलर एका अर्थी कर होता.

---

बोगीबहाद्दर

कर म्हटलं की जरा बरं वाटतं. पण वजावट मिळणार नाही ना?

---

कलम_आणि_कायदा

नाही.

---

रानभूल

नागपूरहून. तर्कट यांनी मेळघाट काढला म्हणून लिहितो. आपल्याकडे कसिनोची तुलना करू नका, बांबूची करा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा दावा मिळवला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. पैसा ग्रामसभेच्या खात्यात. भांडण बांबूचं नव्हतं, वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा याचं होतं. माझ्या समजुतीने तिकडेही भांडण जुगाराचं नसणार, आपल्या जमिनीवर काय चालवायचं ते कोण ठरवणार याचंच असणार.

बाकी जुगार मला स्वतःला आवडत नाही. गोल्फही नाही.

---

तर्कट

@रानभूल, मुद्दा पटला. @कलम, पाच कामांचं माहीत नव्हतं. माझा आक्षेप निम्म्यावर आणतो. उरलेला निम्मा पाण्याबद्दल आहे, पण तो वेगळ्या धाग्यावर.

---

इतिहासाची_पाने

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू या. सरोवराकाठची माणसं माळावर कशी आली?

थोडक्यात: हाकलून. १८३० मध्ये मूलनिवासींना मिसिसिपीच्या पलीकडे पाठवण्याचा कायदा झाला. १८३३ मध्ये शिकागोचा तह झाला आणि मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची पोटावाटोमींची उरलीसुरली जमीन गेली. इंडियानातल्या ८५९ माणसांना १८३८ च्या सप्टेंबरात बंदुकीच्या धाकाने कॅन्ससकडे चालवत नेलं, दोन महिने, साडेसहाशे मैल. वाटेत चाळीसहून जास्त मेली, बहुतेक लहान मुलं. त्या वाटेला आज 'मृत्यूची वाट' म्हणतात. त्याच लोकांनी पुढे कॅन्ससमध्ये राखीव भूमी वसवली आणि तिथेच तुम्ही गोल्फ खेळून आलात.

---

ओसाड_टेकडी

एक दुरुस्ती. मृत्यूच्या वाटेने आलेले बहुतेक लोक हे आजच्या *सिटिझन* पोटावाटोमींचे पूर्वज, जे पुढे ओक्लाहोमाला गेले. प्रेअरी बँडची वाट वेगळी. ते मुख्यतः इलिनॉय-विस्कॉन्सिनकडचे. त्यांना आधी मिसुरी नदीकाठी, आजच्या आयोवात कौन्सिल ब्लफ्सच्या आसपास ठेवलं, मग १८४६ च्या तहाने सगळ्या गटांना कॅन्ससमध्ये तीस मैल लांब-रुंद जागेत एकत्र आणलं. १८६१ मध्ये पुन्हा तह. ज्यांनी वैयक्तिक जमीन आणि नागरिकत्व घेतलं ते 'सिटिझन'. ज्यांनी जमीन सामाईकच ठेवायची म्हटलं त्यांच्या वाट्याला अकरा मैल बाय अकरा मैल आली. तेच प्रेअरी बँड. पुढे १८८७ च्या डॉज कायद्याने त्या सामाईक जमिनीचेही तुकडे पाडले आणि पुष्कळसे तुकडे बाहेरच्यांच्या हातात गेले.

आणि 'प्रेअरी' हे नाव त्यांना कॅन्ससमुळे मिळालेलं नाही. त्यांचं स्वतःचं नाव 'म्श्कोदेसिक', म्हणजे लहान माळाची माणसं. ते इलिनॉयचे माळ. तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नातच थोडी गफलत आहे, यांना माळ नवा नव्हता.

---

इतिहासाची_पाने

@ओसाड_टेकडी, मान्य. दोन्ही गट एकत्र करून टाकले मी. धन्यवाद.

---

ओसाड_टेकडी

चालायचंच. आता आलोच आहे तर दोन गोष्टी लिहितो, कारण या लोकांबद्दल बोलताना आपण १८३८ वर थांबतो आणि मग थेट कसिनोवर उडी मारतो. मधली शंभर-दीडशे वर्षं कुठे गेली?

१९५३ मध्ये अमेरिकी संसदेने ठराव केला की काही जमातींची केंद्रीय मान्यताच रद्द करायची. म्हणजे जमात कागदावरून संपली, जमीन बाजारात आली. त्या ठरावात पहिल्या काही नावांत कॅन्ससचे पोटावाटोमी होते. त्यांच्या जमातीच्या प्रमुख मिनी एव्हन्स नावाच्या बाई होत्या. १९५४ मध्ये संसदीय समितीसमोर विरोध करायला माणसं गेली, अर्ज गेले, निषेध गेले, आणि त्यांची मान्यता वाचली. विस्कॉन्सिनच्या मेनोमिनींची नाही वाचली, त्यांना परत मिळवायला १९७३ उजाडलं. मिनी एव्हन्सबाई हरल्या असत्या तर तिथे ना नेशन असतं, ना कसिनो, ना बोगीबहाद्दर यांचे अकरा चेंडू.

दुसरी गोष्ट इलिनॉयची. शबने नावाच्या प्रमुखाला १८२९ च्या तहाने शिकागोच्या पश्चिमेला १२८० एकर जमीन राखून दिली होती. तो कॅन्ससला आपल्या माणसांना भेटायला गेला. परत येतो तर १८४९ मध्ये सरकारने जमीन लिलावात विकून टाकलेली! कारण काय, तर म्हणे सोडून गेला. प्रेअरी बँडने ही गोष्ट पावणेदोनशे वर्षं सोडली नाही. स्वतःच्या पैशाने तिथली जमीन थोडी-थोडी परत विकत घेतली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने त्यातली १३० एकर त्यांच्या नावे विश्वस्त म्हणून धरली आणि इलिनॉय राज्यात केंद्रमान्य जमातीची भूमी पुन्हा अस्तित्वात आली. २०२५ मध्ये तिथलं शबोना लेकचं सरकारी उद्यान जमातीला देण्याचा कायदाही राज्याने केला.

गावाला जाऊन आलं तर घराला दुसऱ्याचं कुलूप, हे आपल्या कुळकायद्याच्या गोष्टी ऐकलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

---

शेवग्याची_शेंग

हे शबनेचं वाचून फार वाईट वाटलं. सकाळी नवऱ्याला वाचून दाखवलं.

आता माझा व्यावहारिक प्रश्न. नवरा गोल्फवेडा आहे, मी नाही. आम्ही ओमाहात राहतो. तो साडेचार तास गवतात चेंडू शोधेल, तेवढ्यात मी काय करू? यंत्रासमोर बसणार नाही.

---

दुपारचा_चहा

@शेवग्याची_शेंग, टोपेका अर्ध्या तासावर. तिथे मन्रो शाळा आहे, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन खटल्याचं राष्ट्रीय स्मारक. १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या तो खटला. दोन तास सहज जातात.

आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून दक्षिणेला स्ट्राँग सिटीजवळ टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला जा. १९९६ मध्ये राखून ठेवलेला हा माळ जवळपास अकरा हजार एकरांचा आहे. २००९ पासून तिथे गवे, म्हणजे बायसन, पुन्हा सोडलेत. एके काळी असा उंच गवताचा माळ कॅनडापासून टेक्सासपर्यंत पसरलेला होता, आता चार टक्केही उरला नाही. उरला तोही बराचसा इथल्या फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांमध्येच, कारण तिथे मातीखाली लगेच दगड, नांगर चाललाच नाही.

---

आजी_सातारकर

मी मुलाकडे विचिटाला सहा महिने होते. एप्रिलमध्ये रात्री टेकड्या पेटलेल्या बघितल्या आणि सुनेला म्हटलं, अगं वणवा लागलाय, फोन कर कुणाला तरी. ती हसायला लागली. म्हणे आई, हे मुद्दाम लावतात. जुनं गवत जळलं की नवं जोमाने येतं, आणि झाडोरा माजत नाही. आमच्याकडे कोकणात भाजावळ करतात तसंच वाटलं मला, फक्त आमची भाजावळ शेतापुरती आणि यांचा आख्खा डोंगर.

त्या गवताची मुळं म्हणे माणसाच्या दुप्पट खोल जातात. म्हणून वर जळलं तरी खाली काही होत नाही.

आग राखणाऱ्यांच्या मैदानाला गवताचं कुंपण, हे मला फार आवडलं. चेंडूचं काय एवढं, दुसरा आणावा.

---

बोगीबहाद्दर

आजी, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा चांगला आहे.

---

क्विझमास्तर

अवांतर. टोपेकाचं नाव निघालंय म्हणून: कमला हॅरिसच्या आधी अमेरिकेचा गौरेतर उपाध्यक्ष कोण? चार्ल्स कर्टिस, १९२९ ते १९३३, हूवरचा उपाध्यक्ष. जन्म १८६०, नॉर्थ टोपेका. आई कॉ जमातीची, तिच्या घराण्यात पोटावाटोमी रक्तही होतं. लहानपणी घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी. आणि विरोधाभास असा की १८९८ चा जो कर्टिस कायदा आजच्या ओक्लाहोमातल्या जमातींची सामाईक जमीन आणि न्यायालयं मोडायला वापरला, तो याच्याच नावाचा.

कॅन्सस हे नावही याच कॉ उर्फ कान्सा लोकांवरून. अर्थ 'दक्षिण वाऱ्याची माणसं' असा सांगतात. बोगीबहाद्दर यांनी नावातच लिहिलेली सूचना वाचली नाही, यात कोर्सचा काय दोष?

---

पुणेरी_पार

पुण्यात खेळतो. उदयन माने आमच्या पुण्याचा, टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं म्हणून सांगितलं.

आता कामाचं. उंच गवतात चेंडू *सापडला* तर काय करता? बहुतेक लोक तिथेच चूक करतात. लांब आयर्न (लांब पल्ल्याची लोखंडी काठी) काढतात आणि ग्रीनकडे बघतात. गवत क्लबच्या दांडीच्या मुळाशी गुंडाळतं, पातं डावीकडे मिटतं, आणि चेंडू तीन फूट पुढे जाऊन आणखी खोल बसतो. पावसाळ्यातल्या आमच्या रफमध्ये मी हे पुष्कळ केलंय. सँडवेज (वाळूतून चेंडू काढायची काठी) घ्या, मूठ घट्ट धरा, पातं किंचित उघडं ठेवा, सगळ्यात जवळची फेअरवे बघा, मागे असली तरी. वरून खाली मारा आणि बाहेर पडा.

आणि टीवरून शंका आली तर लगेच दुसरा चेंडू मारून ठेवा. मारण्याआधी तोंडाने 'प्रोव्हिजनल' म्हणायचं विसरू नका. न म्हणता मारला तर तोच खेळातला चेंडू होतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही.

कुठल्या टीवरून खेळलात ते लिहिलं नाहीत. संशय येतोय.

---

बोगीबहाद्दर

@पुणेरी_पार, पकडलंत. मागून दुसऱ्या. काका पुढच्या टीवरून खेळत होते, मला म्हणाले "तूही ये". मी म्हटलं, माझं वय काय, तुमचं काय. त्याची किंमत चेंडूमागे तीन डॉलर, गुणिले अकरा.

सँडवेजचं लिहून ठेवलं.

---

हचिन्सनकर

उशिरा आलो. आमच्या गावात प्रेअरी ड्यून्स आहे, पेरी मॅक्सवेलने १९३७ मध्ये बांधलेलं, २००२ ची महिलांची यूएस ओपन तिथेच झाली. ते खाजगी, सभासदाने नेलं तरच आत. मी आठ वर्षांत एकदा गेलो, तेही बॉसच्या पाहुण्याला ताप आला म्हणून. तिथल्या उंच गवताला सगळे 'गंच' म्हणतात. शब्दच असा की चेंडू चावल्याचा आवाज येतो. फायरकीपरला पैसे भरले की कुणीही खेळू शकतं, माझ्या दृष्टीने हा मोठा फरक.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: चिगर. उन्हाळ्यात गवतात चेंडू शोधायला हाफपँटवर शिरलात तर डोळ्यांना न दिसणारे हे किडे चावतात आणि मोज्याच्या कडेला आठवडाभर खाज सुटते. गोचिडीही असतात. औषध फवारून जा, घरी आल्यावर कपडे सरळ धुवायला टाका.

ऑक्टोबरात गेलात म्हणून वाचलात.

---

शेवग्याची_शेंग

गोचिडीचं वाचून नवऱ्याचा उत्साह जरा उतरलाय. टोपेकाची शाळा मात्र पक्की. आणि मेडोलार्क दिसतात का तिथे? कॅन्ससचा राज्यपक्षी ना?

---

बोगीबहाद्दर

दिसतात. पिवळी छाती, त्यावर काळा व्ही. एक खांबावर बसून ओरडत होता, बरोबर माझ्या पटच्या वेळी. तो थ्री-पट मी त्याच्या नावावर लिहिलाय.

बाकी सगळ्यांचे आभार. ओसाड_टेकडी यांचा प्रतिसाद छापून काकांना इंग्रजीत सांगितला. त्यांना मिनी एव्हन्स माहीत होत्या, शबने माहीत नव्हता. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, पुढच्या वेळी खेळायच्या आधी गाडीने राखीव भूमीवरून एक फेरी मारू, नुसतं कसिनोच्या गेटातून आत-बाहेर नको.

तर पुढची वेळ ठरलीय. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, हवा बरी राहिली तर. सकाळी १०:१०. तेलुगू मित्र म्हणतो तो फक्त कॅमेरा घेऊन येणार, म्हणजे चौथ्या खेळाडूची जागा रिकामी आहे. कॅन्सस सिटी, टोपेका, ओमाहा, कुठूनही चालेल. मी सगळ्यात पुढच्या टीवरून खेळणार आहे, कुणी हसायचं नाही. व्यक्तिगत निरोप करा. चेंडू स्वतःचे आणा.

---

पेंगुळलेला

मी येतो. खेळता येत नाही. चालेल?

---

बोगीबहाद्दर

माझ्यासोबत चालेल.